जुनी झालेली खरी माहिती

"ताई, तुम्ही टाकलेल्या चार्टवर ३११ आहे आणि माझ्या हातातल्या पाकिटावर २४५ लिहिलंय, नक्की कुठलं धरायचं?"

ग्रुपमधल्या एकीचा हा मेसेज आला तेव्हा तो चार्ट आमच्या आरोग्याच्या कामाच्या ग्रुपवर टाकून दोन दिवस होऊन गेले होते. चार्ट ओआरएसचा, म्हणजे जुलाबात देतात त्या क्षार-साखरेच्या पाण्याचा होता, कुठलं क्षार किती, पाणी किती, कसं द्यायचं, सगळं एका चित्रात छान मांडलेलं, खाली एका ओळखीच्या संस्थेचा लोगो. मी इमेज सर्च केला, पहिल्या रांगेतच हे चित्र दिसलं, स्वच्छ होतं, वाचता येत होतं, म्हणून सेव्ह केलं आणि टाकलं. चाळीसेक लोकांनी अंगठा दिला. तिनेच तेवढं पाकीट उलटं करून वाचलं.

मी लगेच शोधायला बसले. चार्ट खोटा नव्हता, हे मला सगळ्यात जास्त लागलं. एकेकाळी तेच बरोबर होतं. जुन्या ओआरएसमध्ये एका लिटरला सोडियम ९०, ग्लुकोज १११ आणि सगळं मिळून ३११ मिलिऑस्मोल (द्रावण किती तीव्र आहे ते मोजायचं एकक) असायचं. २००२ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने फॉर्म्युला बदलला, सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण २४५. कारण अभ्यासांत दिसलं की कमी तीव्रतेचं द्रावण दिलं तर जुलाब झालेल्या मुलांना सलाईन लावायची वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी येते, उलट्याही कमी होतात. म्हणजे मी जे चित्र टाकलं ते २००२ च्या आधीचं होतं, आणि त्याच्यावर तारीख कुठेच नव्हती. कोणीतरी कधीतरी स्कॅन केलं असेल, मग कोणीतरी रंग भरले, कोणीतरी कडेने कापलं, आणि कापताना वर्ष छापलेला कोपरा गेला असेल. तयार पाकीट वापरणाऱ्याचं यात काही बिघडत नाही हे खरंय, पण ट्रेनिंगमध्ये तो चार्ट फळ्यावर लिहून घेणारे लोक असतात आणि ते पुढच्या बॅचला तेच शिकवतात.

मी चार्ट डिलीट फॉर एव्हरीवन केला. त्याने माझ्या ग्रुपमधला गेला, पण ज्यांनी तो आधीच पुढे पाठवला होता त्यांच्याकडचा कसा जाणार? तो आत्ताही कुठेतरी फिरत असेल.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटते आणि त्यासाठीच हे लिहितेय. आपण आरोग्यात काम करणारे लोक उघड खोट्या गोष्टींना तसे कमी फसतो, लसूण खाऊन कॅन्सर बरा होतो असं कोणी पाठवलं तर आपण ते वाचूनच बाजूला टाकतो. आपण फसतो ते जुन्या झालेल्या खऱ्या माहितीला. ती आपल्या भाषेत बोलते, तिच्यात आकडे असतात, लोगो असतो, आणि बऱ्याचदा ती आपण स्वतः कॉलेजात शिकलेलीच असते, त्यामुळे संशय येतच नाही. गोळीच्या स्ट्रिपवर एक्स्पायरी बघितल्याशिवाय आपण ती कोणाला देत नाही, आणि मेसेज मात्र तसाच देतो.

याचं सगळ्यात जड उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. तान्ह्या बाळाला पालथं झोपवा असं अनेक देशांत कित्येक वर्षं डॉक्टर आणि नर्स सांगत होते, चांगल्या हेतूनेच, उलटी झाली तर घशात अडकणार नाही म्हणून. पुढे कळलं की पालथं झोपवल्याने झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून तिथे पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि पुढच्या वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पण २००५ मध्ये एक आढावा छापून आला, त्यात जुने सगळे अभ्यास वर्षावार लावून बघितले होते, आणि त्यातून निघालं की धोका दाखवणारा पुरेसा पुरावा १९७० च्या सुमारासच हातात होता. तो तेव्हाच एकत्र करून बघितला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड भागात मिळून निदान पन्नास हजार बाळांचे मृत्यू टाळता आले असते असा त्यांचा अंदाज. वीस वर्षं माहिती होती, विखुरलेली होती, आणि बाळाच्या आईपर्यंत जुनाच सल्ला पोचत होता. यात कोणी कोणाला फसवत नव्हतं. सगळे जे शिकले ते सांगत होते.

छोटी उदाहरणं तर रोजची आहेत. सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देण्याचे व्हिडिओ घ्या. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्रम बदलला, आधी श्वासमार्ग मग श्वास मग छाती दाबणं असा होता तो बदलून आधी छाती दाबायला सुरुवात असा केला, आणि २०१५ मध्ये वेग मिनिटाला १०० ते १२० असा वरच्या मर्यादेसकट सांगितला. पण २००८ चा एखादा सुंदर व्हिडिओ अजूनही लाखो लोकांनी बघितलेला म्हणून शोधात वर येतो आणि आपण तोच ट्रेनिंगला लावतो. किंवा मास्क आठवा, २०२० च्या एप्रिलमध्ये डब्ल्यूएचओ म्हणत होती की निरोगी माणसांनी सरसकट मास्क घालण्याला पुरेसा आधार नाही, आणि ५ जूनला सुधारित सल्ला आला की जिथे संसर्ग पसरलेला आहे आणि अंतर ठेवता येत नाही तिथे लोकांनी कापडी मास्क वापरावा. दोन महिन्यांत! त्या काळात एप्रिलचा पीडीएफ जुलैमध्ये पाठवणारे लोक मी बघितलेत, आणि दोन्ही बाजू एकमेकांना डब्ल्यूएचओचाच कागद दाखवत होत्या, दोघांकडचा कागद खरा.

म्हणून हल्ली मी काहीही शोधताना सगळ्यात आधी प्रश्न लिहून काढते. कागदावर, खरंच. कोणासाठी, काय द्यायचं किंवा करायचं, त्याच्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं, आणि आपल्याला नेमकं काय व्हायला हवंय. "मुलांचे जुलाब उपचार" असं टाकलं की समुद्र उघडतो, पण "पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाबात झिंक दिलं तर आजाराचे दिवस कमी होतात का" असं लिहिलं की शोधायचे शब्द आपोआप मिळतात. प्रश्न धड नसेल तर पहिलं जे दिसेल ते उत्तर वाटायला लागतं, माझा चार्ट त्याचाच नमुना.

मग मी वरून खाली येते. आधी बघायचं की या विषयावर चालू गाइडलाइन आहे का, डब्ल्यूएचओची किंवा आपल्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाची, कारण ती बनवणाऱ्यांनी सगळे अभ्यास आधीच चाळलेले असतात आणि पुरावा किती भक्कम आहे हेही लिहिलेलं असतं. आपल्या देशाचा प्रोटोकॉल आणि जागतिक गाइडलाइन यांच्यात फरक दिसला तर काम देशाच्या प्रोटोकॉलप्रमाणेच करायचं आणि फरक वरिष्ठांना लेखी विचारायचा, ग्रुपवर परस्पर नवीन डोस जाहीर करायचे नाहीत. गाइडलाइन नसेल तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून एकत्र मांडलेले. तोही नसेल तरच एकेकटा पेपर. बरेच जण उलटं करतात, एखादा ताजा पेपर बातमीत वाचतात आणि तिथूनच सुरू होतात.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी कॉक्रेन ही संस्था बघाच, १९९३ पासून हेच काम करतेय. त्यांच्या लोगोमध्ये ज्या छोट्या आडव्या रेघा दिसतात ना, त्या नुसती नक्षी नाहीयेत, ते खऱ्या अभ्यासांचे निकाल आहेत, दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टिरॉइड दिलं तर बाळ वाचतं का या प्रश्नावरचे. पहिला अभ्यास १९७२ चा. नंतर एकामागून एक होत गेले, काहींचा निकाल धूसर, काहींचा स्पष्ट, आणि सगळे एकत्र ठेवल्यावर चित्र साफ होतं की बाळांना फायदा होतो, पण हे एकत्र ठेवायला इतकी वर्षं लागली की मधल्या काळात कित्येक डॉक्टरांना ते माहीतच नव्हतं. (पुढे याच उपचारावर हेही कळलं की तो कुठे आणि कोणत्या सोयी असताना द्यायचा याला फार महत्त्व आहे, म्हणजे लोगोतला विषयसुद्धा तिथेच थांबलेला नाही.) कॉक्रेनच्या प्रत्येक रिव्ह्यूला साध्या भाषेतला सारांश असतो, तो फुकट वाचता येतो, आणि त्यात पुरावा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे लिहिलेलं असतं. मी ती ओळ आधी वाचते.

पबमेडबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की त्याच्यावर थोडं थांबते. "अहो पबमेडवर आहे" असं लोक सांगतात, जसं काही तिथे असणं म्हणजे शिक्का मिळाला. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची आहे, १९९७ पासून सगळ्यांना मोफत खुली, आणि तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. सूचीत नाव असणं म्हणजे मजकूर कोणी तपासून मान्य केलाय असं नाही. चांगले, वाईट, खोडून काढलेले, मागे घेतलेले, सगळे पेपर तिथे आहेत. शोधताना डाव्या बाजूचे फिल्टर वापरा, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू निवडा, वर्षं निवडा, मोफत पूर्ण मजकूर निवडा, आणि मेश नावाची जी ठरलेल्या शब्दांची यादी आहे ती एकदा समजून घ्या, कारण एकाच आजाराला लोक पाच नावांनी लिहितात आणि मेशमध्ये त्यांना एकच नाव असतं. पेपर पैशाच्या भिंतीमागे असेल तर पबमेड सेंट्रल या मोफत पूर्ण पेपरांच्या संग्रहात बघा, आणि तुमची संस्था कमी उत्पन्नाच्या देशात असेल तर हिनारी आहे, डब्ल्यूएचओने २००२ मध्ये प्रकाशकांबरोबर सुरू केलेली सोय, तिच्यातून हजारो जर्नल्स मोफत किंवा अगदी थोड्या पैशात मिळतात. कितीतरी संस्थांना हक्क असतो आणि कोणी नोंदणीच केलेली नसते, हे बघून मला फार वाईट वाटतं.

मागे घेतलेल्या, म्हणजे छापून आल्यावर जर्नलने रद्द ठरवलेल्या पेपरांचं मात्र सावध राहून बघावं लागतं. १९९८ चा तो लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला पेपर सगळ्यांना माहितीये, बारा मुलांवरचा, ज्याने एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझम होतो अशी भीती जगभर पोचवली. तो पूर्णपणे मागे घेतला २०१० मध्ये. बारा वर्षं. त्या बारा वर्षांत ज्यांनी तो वाचला त्यातल्या कितीजणांनी मागे घेतल्याची सूचनाही वाचली असेल? लसीकरणाला दार वाजवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला त्या पेपराला आजही उत्तर द्यावं लागतं, त्याचं नावही न ऐकलेल्या माणसांना.

आणि २०२० चं उलटं, तिथे सगळं भराभर झालं. २२ मे ला त्याच जर्नलमध्ये कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध देण्यावर पेपर आला, ९६,०३२ रुग्ण, ६७१ हॉस्पिटलं, सहा खंड, औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. २५ मे ला डब्ल्यूएचओने आपल्या मोठ्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवल्याचं सांगितलं. मग लोकांनी आकडे बघायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की पेपरात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात ७३ मृत्यू दाखवलेत आणि तोपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात नोंदलेलेच ६७ होते. डेटा एका खाजगी कंपनीचा, तो कोणाला तपासायलाच मिळेना. ४ जूनला पेपर मागे. आता यात एक बारीक गोष्ट आहे. नंतर नीट झालेल्या ट्रायल्समध्ये त्या औषधाचा कोविडमध्ये फायदा दिसला नाहीच. म्हणजे पेपर चुकीचा ठरला म्हणून औषध चांगलं ठरत नाही. पण ग्रुपवर लोक लगेच तसंच बोलायला लागले होते, बघा पेपर मागे घेतला म्हणजे औषध चालतं.

त्यामुळे कोणताही पेपर पुढे पाठवायच्या आधी त्याचं पबमेडवरचं पान मी पुन्हा एकदा उघडते, मागे घेतला असेल तर वरच ठळक लिहिलेलं असतं. रिट्रॅक्शन वॉच नावाचा मागे घेतलेल्या पेपरांचा डेटाबेसही आहे, २०२३ पासून तो क्रॉसरेफ या पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला आहे. आणि जे अजून कोणी तपासलेलंच नाही, मेडआर्काइव्हसारख्या ठिकाणी टाकलेलं प्रीप्रिंट, ते पाठवायचं तर पहिल्याच ओळीत लिहायचं की हे अजून तपासलेलं नाही, आणि शक्यतो फील्डवरच्या लोकांना ते पाठवायचंच नाही. त्यांना उद्या सकाळी कोणाच्या तरी दारात उभं राहून बोलायचंय, अर्ध्या शिजलेल्या गोष्टीचं ते काय करणार.

अनोळखी वेबसाइट कशी ओळखायची यावर पूर्वी मी पण तेच शिकवायचे जे सगळे शिकवतात, अबाउट अस बघा, शुद्धलेखन बघा, डोमेन बघा. २०१७ मध्ये स्टॅनफर्डचा एक अभ्यास वाचला आणि शिकवणं बदललं. त्यात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि पंचवीस विद्यार्थी असे पंचेचाळीस जण होते, त्यांना साइट दाखवल्या. एक काम आपल्याच विषयाचं होतं, अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची एक मोठी जुनी अकादमी आहे १९३० ची, आणि तिच्याशी मिळतंजुळतं नाव असलेलं एक छोटं कॉलेज आहे, २००२ मध्ये वेगळ्या मतांवरून निघालेलं. दोन्हीच्या साइट नीटनेटक्या, दोन्हीकडे संदर्भ दिलेले. इतिहासकार आणि विद्यार्थी पानावरच वाचत बसले, वरून खाली, आणि इतिहासकारांतल्याही साधारण निम्म्यांनाच कळलं की जास्त भरवशाची कोणती. फॅक्ट-चेकर काही सेकंदांत पानावरून उठले, नवीन टॅब उघडले आणि त्या संस्थेबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते बघितलं. सगळे बरोबर. म्हणजे हुशार माणूस पानात जितका खोल शिरतो तितका अडकतो, आधी बाहेरून विचारून यायचं. आपण कोणाच्या घरी भेट द्यायच्या आधी शेजारी विचारतोच ना.

साइटवरच्या शिक्क्यांचंही तसंच. एचओएन (हेल्थ ऑन द नेट) नावाचा कोड होता, आरोग्य साइटना मिळायचा, १९९६ पासून चालू, आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगायचो की हा शिक्का बघा. ती योजना २०२२ च्या शेवटी बंद झाली. शिक्क्याचं चित्र कुठे अजून दिसलं तर त्याच्या मागे आता कोणी उभं नाही, आणि आमच्या जुन्या स्लाइडमध्ये तो सल्ला मात्र मला परवापर्यंत सापडत होता.

आता शेअर करण्याबद्दल, कारण शोधणं एकट्याचं असतं आणि पाठवणं पाचशे जणांचं. मी आकड्यांपासून सुरू करते. ब्रिटनमध्ये १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा पाठवला की काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बातम्या झाल्या, बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात दुप्पट म्हणजे सात हजार बायकांमध्ये एक होती त्याच्या दोन. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे, आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो. माहिती खरी होती, वेळेवर होती, अधिकृत होती. सांगण्याची पद्धत चुकली. म्हणून दुप्पट, तिप्पट, पन्नास टक्के असे शब्द मूळ आकड्याशिवाय मी पाठवत नाही, किती जणांत किती होते आणि किती झाले हे लिहिता येत नसेल तर मला ते अजून समजलेलं नाही असं धरते.

मेसेज लिहिताना मी आता चित्र टाळते. चित्र सुंदर दिसतं, लोकांना आवडतं, पण ते शोधता येत नाही, त्यातली चूक सुधारता येत नाही, आणि कोपरा कापला की तारीख जाते. चित्र द्यावंच लागलं, कारण वाचता न येणाऱ्यांसाठी ते लागतंच, तर तारीख आणि स्रोत चित्राच्या मधोमध, मजकुराला चिकटून टाकते, म्हणजे कापलं तर मजकूरही कापला जाईल. आणि साठ पानांचा पीडीएफ टाकून "सर्वांनी वाचावे" असं लिहिणं बंद केलंय, कोणी वाचत नाही, फोन भरतो. तीन-चार ओळी लिहायच्या: काय करायचं, कोणासाठी, हे कुठून घेतलं, कोणत्या तारखेचं आहे, आणि मूळ पानाची लिंक. लिंक फाइलची देण्यापेक्षा ज्या पानावर फाइल ठेवलेली असते त्या पानाची द्यावी, कारण नवीन आवृत्ती आली की त्या पानावर तसं लिहितात, डाउनलोड केलेली फाइल बिचारी गप्प असते. डब्ल्यूएचओच्या संग्रहात तर जुन्या आवृत्त्याही ठेवलेल्या असतात, ठेवायलाच पाहिजेत, पण सर्चमधून थेट फाइलवर उतरलं की ती जुनी आहे हे कळत नाही.

भाषांतर करताय का? मग हे बघाच. डब्ल्यूएचओची अलीकडची बरीचशी प्रकाशनं अशा खुल्या परवान्याखाली असतात की नफ्यासाठी नसेल तर आपण त्यांचं भाषांतर करू शकतो, वाटू शकतो, पण सोबत लिहावं लागतं की हे भाषांतर संघटनेने केलेलं नाही, ते अचूक असल्याची जबाबदारी तिची नाही, आणि मूळ इंग्रजी आवृत्तीच प्रमाण. त्यांचा लोगो आपल्या भाषांतरावर लावायचा नाही. मला आधी वाटायचं लोगो लावला की लोकांचा विश्वास बसतो, तेवढाच फायदा. पण डोसमध्ये आपला एक शून्य चुकला तर तो त्यांच्या नावावर फिरणार. भाषांतर झालं की मी ते दुसऱ्या कोणाला तरी देऊन तोंडी विचारते, तुला यातून काय करायचं कळलं ते सांग. "दिवसातून तीनदा" आणि "तीन दिवस" यांची गल्लत होताना मी याच पद्धतीने पकडलीये, नुसतं वाचून माझ्या लक्षात आली नव्हती.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाचा मेसेज आला, "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" लिहिलेला, तर त्याचा अर्थ तो निदान पाच हात बदलून आलाय. असा मेसेज आरोग्याचा असेल तर मी तो पुढे पाठवतच नाही. पटला तर मूळ शोधून आपल्या शब्दांत लिहिते, मूळ सापडलं नाही तर सोडून देते, कितीही पटला तरी. आणि रुग्णाचे फोटो, रिपोर्ट, "अशी केस आली होती बघा", चेहरा झाकला तरी गाव आणि वय आणि आजार एकत्र लिहिलं की माणूस ओळखू येतो. यावर मी ग्रुपमध्ये वाईटपणा घेतलाय आणि परत घेईन.

चॅटबॉटला विचारणं आता सगळेच करतात, मी पण करते, शब्द सुचवायला, प्रश्न नीट मांडायला. पण ते पेपरांची नावं बनवूनही देतात, लेखक खरा, जर्नल खरं, वर्ष पटेल असं, आणि तसा पेपर अस्तित्वातच नाही. त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ नाव टाकून पबमेडमध्ये शोधा, सापडला तर उघडून वाचा, आणि वाचल्यावर बघा की त्यात खरंच तेच लिहिलंय का. डोस तर चॅटबॉटचा कधीच नको.

आणि चुकलं तर? चुकणारच. माझ्या त्या चार्टनंतर मी पहिला मेसेज लिहिला तो फार लांबलचक होता, कसं झालं, का झालं, मला किती वाईट वाटतंय. पाठवला नाही. मग चार ओळी लिहिल्या. सुरुवात बरोबर माहितीने केली: सध्याच्या ओआरएसची एकूण तीव्रता २४५, तयार पाकीट आणि त्यावर लिहिलेलं पाणी हेच धरा. मग, अमुक तारखेला मी टाकलेला ३११ चा चार्ट २००२ च्या आधीचा आहे, वापरू नका. मग, ज्यांना पुढे पाठवला असेल त्यांना हा मेसेजही पाठवा. मग लिंक. बरोबर गोष्ट आधी लिहिली कारण लोक पहिली ओळ वाचतात आणि चुकीची गोष्ट पुन्हा ठळक लिहिली तर तीच लक्षात राहते. आणि ज्या ज्या ग्रुपवर चार्ट टाकला होता त्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज टाकला, एकाही ठिकाणी राहू दिला नाही. चार्टला चाळीस अंगठे होते, दुरुस्तीला सहा आले. दुसऱ्या दिवशी परत टाकला, आणि ट्रेनिंग घेणाऱ्या तिघांना मी फोन करून सांगितलं, त्यातल्या एकांनी तो फळ्यावर लिहून घेतला होता.

जिने विचारलं होतं तिला मी म्हटलं की तू प्रश्न विचारलास म्हणून कळलं, तर ती म्हणाली, "ताई, मला दोन दिवस वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय, तुम्ही टाकलंय म्हणजे बरोबरच असणार." हे मला चार्टपेक्षा जास्त टोचलं.

आता आम्ही दोघी मिळून एक यादी ठेवतो. साधी शीट आहे, ग्रुपवर काय पाठवलं, कुठून घेतलं, मूळ कोणत्या तारखेचं, आणि परत कधी बघायचं. वेगाने बदलणाऱ्या विषयांना महिना, बाकीच्यांना सहा महिने किंवा वर्ष. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती अर्धी यादी बघते आणि मी अर्धी, बदल असेल तर त्याच ग्रुपवर सांगायचं. सगळ्यांना यादी बघता येते आणि एक रकाना शंकेसाठी मोकळा आहे, तिथे नाव न लिहिताही लिहिता येतं, आणि तो रकाना सगळ्यात जास्त भरतो. पहिली ओळ ओआरएसची आहे, पाठवल्याची तारीख, दुरुस्तीची तारीख, आणि शंकेच्या रकान्यात तिचा तो प्रश्न, पाकिटावर २४५ आहे, नक्की कुठलं धरायचं.